आधी सगळं तपकिरी करा, मग पुसायला घ्या

सध्या रील्समध्ये एक प्रकार सारखा दिसतो. पांढराशुभ्र कॅनव्हास. चित्रकार त्यावर चिखलासारखा तपकिरी रंग फासतो, अगदी कोपऱ्यापर्यंत. रेखाटन नाही, चौकटी आखलेल्या नाहीत. मग बोटाला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळून तो दोन-तीनदा पुसतो आणि कपाळ उजळतं. आणखी चार हात फिरले की गाल, नाकाचा दांडा, हनुवटी. अंधाऱ्या खोलीतून कुणी खिडकीशी येऊन उभं राहावं तसा मिनिटभरात चेहरा समोर. बघणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, हे एआयनं केलंय. दुसरा म्हणतो, खाली आधीच चित्र छापलेलं असणार.

दोघांचंही चुकतं. तैलरंगात व्यक्तिचित्राची सुरुवात करण्याची ही जुनी रीत आहे. चित्रकार तिला 'वाइप-आउट' म्हणतात, म्हणजे ओल्या गडद रंगातून उजेड पुसून काढणं. नेहमीच्या चित्रात रंग चढवत जायचा असतो, इथे उतरवत जायचा. रीलमध्ये मात्र दोन गोष्टी दिसत नाहीत. मिनिटभराच्या त्या क्लिपमागे दोन-तीन तास असतात, हे एक. आणि क्लिप संपते तिथे चित्र संपलेलं नसतं, फक्त पाया घातलेला असतो, हे दुसरं.

बशीतला कोरा चहा

बशीत कोरा चहा ओता. मधोमध, जिथे बशी खोल आहे, तिथे तो गडद तांबूस दिसतो आणि काठाशी फिकट सोनेरी. चहा तोच, फरक फक्त खोलीचा. उजेड चहातून खाली जातो, बशीच्या पांढऱ्या चिनीमातीवर आपटून परत वर येतो. काठाशी चहाचा थर पातळ, म्हणून जास्त उजेड परततो. मध्यभागी थर जाड, तिथे बराच उजेड वाटेतच जिरतो.

वाइप-आउटमध्ये बशी म्हणजे कॅनव्हासवरचा पांढरा लेप आणि कोरा चहा म्हणजे तपकिरी रंगाचा पातळ थर. जिथे पुसलं तिथे काठ, जिथे राखलं तिथे मध्य. चित्रातला उजेड ट्यूबमधून आलेला नसतो, तो खालच्या पांढऱ्याचा असतो. ही एक गोष्ट पक्की समजली, तर पुढचे बहुतेक नियम आपोआप कळतात.

आता त्याच बशीत दुधाचा चहा ओता. काठ आणि मध्य जवळपास सारखेच दिसतील, कारण दूध उजेडाला खाली जाऊच देत नाही. तपकिरी रंगात चिमूटभर पांढरा मिसळला की नेमकं हेच होतं. म्हणून या पहिल्या थरात पांढरा रंग अजिबात नको. नवशिक्यांचा हात सवयीनं पांढऱ्या ट्यूबकडे जातो, तेव्हा ती ट्यूब त्या दिवशी पेटीतच राहू द्यावी.

जलरंगात काम करणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही, तिथेही उजेड कागदाचाच असतो. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकजण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, प्रत्यक्षात ते जलरंगात आहे.

हे कुणी शोधलं?

'रेम्ब्रांटची गुप्त पद्धत' असं लिहिलेले व्हिडिओ दिसतील, ते गांभीर्यानं घेऊ नका. सतराव्या शतकातल्या या डच चित्रकाराच्या उत्तरायुष्यातल्या चेहऱ्यांवर उजेडाचे भाग पांढऱ्या रंगाच्या जाड थरांनी बांधलेले आहेत, म्हणजे अगदी उलट. पण ओल्या रंगातून उजेड खरवडून काढणं त्याला चांगलं ठाऊक होतं. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सुमारे १६२८ सालचं त्याचं एक आत्मचित्र आहे, वहीच्या पानाहून लहान. त्यातल्या विस्कटलेल्या कुरळ्या केसांवरचा उजेड त्यानं ब्रशच्या मागच्या टोकानं ओला रंग ओरबाडून काढला आहे. चेहरा जवळजवळ सगळा सावलीत आणि केसांच्या त्या बटा मात्र लखलखीत.

अंधारातून उजेडाकडे येण्याची कल्पना छापकामातही त्याच शतकात रुजली. १६४२ मध्ये लुडविग फॉन झीगेन यानं मेझोटिंट या छापतंत्रानं पहिलं व्यक्तिचित्र केलं. तो स्वतः उजेडाकडून अंधाराकडे जात होता, उलटी वाट त्याच्यामागून आलेल्यांनी पाडली. तांब्याचा पत्रा दातेरी हत्यारानं सगळीकडे खरबरीत करायचा. तसाच छापला तर तो मखमली काळा उठतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडून, घासून गुळगुळीत करायचा. साधारण त्याच सुमाराला इटलीत कास्तिल्योने हा चित्रकार पत्र्यावर शाई फासून ती पुसत चित्रं काढत होता, आणि एकोणिसाव्या शतकात फ्रेंच चित्रकार एदगार दगा यानं चिंध्या आणि बोटं वापरून तेच पुन्हा केलं.

आपल्याकडे काढत काढत घडवण्याचं सर्वांत मोठं उदाहरण वेरूळला आहे. कैलास लेणं कळसापासून खाली कोरत आणलं. फरक इतकाच, की तिथे जास्तीचा टवका उडाला तर तो परत बसवता येत नव्हता. इथे चूक झाली तर ब्रशभर रंग पुन्हा फासायचा. पहिले दीड-दोन तास चूक फुकट असते, आणि माझ्या मते शिकणाऱ्यासाठी या पद्धतीचा खरा फायदा तोच.

कॅनव्हास किती पितो, ते आधी बघा

या पद्धतीत सर्वाधिक निराशा रंगामुळे होत नाही, कॅनव्हासमुळे होते. बाजारातले बहुतेक तयार कॅनव्हास ॲक्रिलिक जेसोचे असतात. जेसो म्हणजे कॅनव्हासवर रंग धरण्यासाठी दिलेला पांढरा अस्तर-लेप. तो मुद्दाम थोडा शोषणारा ठेवलेला असतो, कारण त्यामुळे रंगाची पकड चांगली बसते. पण पुसणाऱ्याच्या दृष्टीनं ही पकडच अडचण. अंबर या तपकिरी मातीच्या रंगाचे कण लेपाच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि कितीही घासलं तरी पांढरं परत येत नाही, पिवळट डाग राहतो.

तपासणी सोपी आहे. कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडेवर थोडा तपकिरी रंग फासा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्यानं पुसा. पातळ चहाइतका डाग राहिला तर चालेल, चेहऱ्याला तो ऊबच देतो. त्याहून गडद राहिला तर कॅनव्हास फार पितो.

उपाय दोन. जेसोचे आणखी दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळला की ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा आणि शेवटी पाणी मिसळलेल्या मॅट ॲक्रिलिक मीडियमचा, म्हणजे बिनरंगाच्या, बिनचमकीच्या ॲक्रिलिक लेपाचा, एक हात द्या. ग्लॉस मीडियम नको, त्या गुळगुळीत पृष्ठभागावर तैलरंगाला धरायला काही मिळत नाही. दुसरा उपाय म्हणजे तैल-प्राइमिंगचा कॅनव्हास घेणं. महाग पडतो, पण यावर रंग काचेवरून उठावा तसा उठतो. भिंतीचा प्रायमर फासून काम भागवायचा मोह होतो, पण तो ताणल्या-सैलावणाऱ्या कापडासाठी बनवलेलाच नसतो.

विणही महत्त्वाची. जाड विणीच्या कॅनव्हासवर पुसलं की धाग्याचा उंचवटा पांढरा होतो आणि खाचेत रंग राहतो. गालावर तीळ-मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. व्यक्तिचित्रासाठी बारीक विणीचा कॅनव्हास किंवा जेसो दिलेला एमडीएफचा गुळगुळीत बोर्ड घ्या. पहिल्यांदा १२ × १६ इंच पुरे, म्हणजे डोकं खऱ्यापेक्षा थोडं लहान येतं.

रंग, तेल आणि चिंध्या

रंग मुख्यतः रॉ अंबर. ही माती आहे, लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं असलेली. भाजली की बर्न्ट अंबर, जास्त तांबूस. रॉ अंबरमध्ये हिरवट थंडपणा असतो. निम्मं रॉ आणि निम्मं बर्न्ट घेतलं तर भारतीय चेहऱ्यांना छान जुळतं.

अंबरच का, याचं उत्तर मँगनीजमध्ये आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि मँगनीज या क्रियेला वेग देतो. त्यामुळे अंबरचा पातळ थर सहसा एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो आणि पुढचं काम अडत नाही. काळा रंग, विशेषतः आयव्हरी ब्लॅक, याच्या उलट रेंगाळतो. तो पायाच्या थरात नको.

१२ × १६ इंचाला बोटाच्या दोन पेरांएवढी रंगाची पट्टी पुरते. टर्पेंटाइन किंवा बिनवासाचा थिनर जेमतेम ब्रश ओलावण्यापुरता. रंग दाट सायीसारखा हवा. ताकासारखा पातळ केला तर तो ओघळतो, छिद्रांत जास्त शिरतो आणि लवकर बसतो. रंग जास्त वेळ ओला हवा असेल तर तीन-चार थेंब चित्रकारांचं करडईचं तेल घाला, जवसापेक्षा ते सावकाश वाळतं. इथे 'चित्रकारांचं' हा शब्द वाचून पुढे जा. स्वयंपाकघरातली करडई नको, आणि शेंगदाणा किंवा खोबरेल तर मुळीच नको. शेंगदाणा आणि खोबरेल ही वाळणारी तेलंच नाहीत. त्यांत कालवलेला रंग महिनोन्महिने चिकट राहील आणि त्यावर घरातली सगळी धूळ येऊन बसेल.

चिंध्या सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. जुनं धोतर, सुती साडी, बनियन उत्तम. पॉलिस्टर रंग शोषत नाही, नुसता इकडून तिकडे ढकलतं. टॉवेलचे तंतू चिकटतात. किमान दहा-बारा तुकडे करून ठेवा, तळहाताएवढे. बाकी कान साफ करायच्या काड्या, एक ६ नंबरचा सपाट डुकराच्या केसांचा राठ ब्रश, एक मऊ ब्रश. हातात नायट्राइलचे मोजे घाला आणि रंगकामाच्या मध्येच वडापाव खायला बसू नका. अंबरमधला मँगनीज पोटात जाण्यासाठी नाही.

चेहरा बाहेर कसा येतो

समोरच्या माणसावर उजेड एकाच बाजूनं आणि थोडा वरून पडू द्या. खिडकी असेल तर खोलीतले दिवे बंद. दोन्हीकडून उजेड आला की सावलीला आकारच राहत नाही आणि पुसायचं काय, हेच कळेनासं होतं.

राठ ब्रशनं रंग सगळीकडे घासून लावा, मग कोरड्या फडक्यानं संपूर्ण कॅनव्हासवरून एकदा हलका हात फिरवा. ब्रशचे ओरखडे जातात आणि एकसारखी मधली छटा तयार होते. ही मधली छटा फार काळी नको. सुरुवातीलाच तळघरासारखा अंधार केला तर नंतर पुसायला फार जोर लागतो.

आता फडक्याच्या कोपऱ्यानं दोन खुणा करा, डोक्याचा माथा आणि हनुवटी. डोळ्यांची रेघ त्यांच्या बरोबर मध्ये येते. ती सगळ्यांच्या हातून वर सरकते, कारण कपाळाखालचा भाग आपल्याला महत्त्वाचा वाटतो आणि आपण त्याला जास्त जागा देतो. केसांसकट मोजा.

यानंतर डोळे किलकिले करा. बारीक तपशील विरघळतात आणि चेहऱ्यावर उजेडाचा एक मोठा सलग तुकडा दिसतो. कपाळातून निघून भुवईच्या हाडावरून नाकाच्या दांड्यावर, तिथून गालावर, वरच्या ओठावर, हनुवटीवर. तो एखाद्या बेटाच्या नकाशासारखा एकाच आकारात पुसून घ्या. डोळे, नाकपुड्या, ओठ यांना अजून हात लावायचा नाही. रेषेनं चित्र काढायची सवय असलेल्यांना ही पायरी सगळ्यात जड जाते. पण ओळखीचा माणूस आपण रस्त्याच्या पलीकडून ओळखतो तो याच तुकड्यावरून, पापण्यांवरून नव्हे.

फडकं धरण्याच्या तऱ्हा इथे कामाला येतात. तर्जनीवर ताणून गुंडाळलं तर कडा तीक्ष्ण येते. ती नाकाच्या दांड्यासाठी आणि कॉलरसाठी. बोळा करून नुसतं टिपलं, घासलं नाही, तर थोडाच रंग उठतो आणि मधल्या छटा मिळतात, म्हणजे गाल जिथे जबड्याकडे वळतो तो भाग. मऊ कोरडा ब्रश वरून अलगद फिरवला की दोन छटांची सीमा विरते. घासणं आणि टिपणं यातला फरक हाताला कळला की निम्मं काम झालं. शक्य तिथे टिपाच. घासल्यावर परत मधली छटा आणणं कटकटीचं असतं.

उजेडाला उतरंड द्यायला विसरू नका. वरून येणारा उजेड कपाळावर जास्त आणि हनुवटीवर कमी पडतो. दोन्ही सारखंच पुसलं तर चेहरा ताटलीसारखा सपाट दिसतो. मनात पाच पायऱ्या ठेवा. कपाळ पहिली, गाल दुसरी, हनुवटी तिसरी, सावलीतला गाल चौथी, केस आणि हनुवटीखालचा अंधार पाचवी.

पाचवी पायरी पुसून मिळत नाही, तिथे रंग घालावाच लागतो. थिनरशिवायचा, ट्यूबमधला घट्ट अंबर घेऊन डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालची सावली, ओठांमधली फट, केसांचा गठ्ठा भरा. सावलीकडच्या जबड्याची कडा पार्श्वभूमीत हरवू द्या. सगळीकडे कडा रेखीव केली की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

डोळ्याचं पांढरं पांढरं नसतं

एका जागी सर्वांचा हात घसरतो, म्हणून तिथे थोडं थांबू. डोळ्याचं बुबुळ काळं आणि बाजूचं पांढरं, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. मग काडी घेऊन दोन्ही बाजूंनी पांढरं पुसून काढलं जातं आणि चित्रातला माणूस घाबरल्यासारखा बघू लागतो.

प्रत्यक्षात डोळा हा चेंडू आहे आणि तो भुवईच्या हाडाखाली खोबणीत बसलाय. वरची पापणी त्यावर छपरासारखी पुढे येते, तिची सावली पांढऱ्या भागावर पडते. उजेड वरून असेल तर डोळ्याचं 'पांढरं' गालाच्या उजेडापेक्षा बरंच गडद असतं, चौथ्या पायरीच्या जवळपास. तिथे काडी नुसती टेकवायची, पुसायची नाही. खरा उजेड खालच्या पापणीच्या ओल्या काठावर, नाकाशेजारच्या कोपऱ्यातल्या बारीक मांसल भागावर आणि भुवईच्या हाडावर असतो. बुबुळावरचा चमकता ठिपका अगदी शेवटी, एकच, उजेडाच्या बाजूला. काडीचं टोक थिनरमध्ये बुडवून, चिंधीवर पूर्ण टिपून मगच तो काढा. थेंब राहिला तर तो पसरतो आणि बुबुळाच्या जागी फिकट कडं उमटतं. तसं झालंच तर वाळू द्या, अंबरनं भरा, पुन्हा काढा.

फसतं कुठे

सर्वांत साधी चूक म्हणजे तीच चिंधी फिरवत राहणं. ती रंगानं भरली की उचलायचं थांबते आणि परत लावू लागते. गाल उजळण्याऐवजी मळतो. दर चार-पाच पुसण्यांनंतर स्वच्छ बाजू, आणि चारही बाजू संपल्या की नवा तुकडा.

दुसरी चूक याच्या उलटी, सगळंच पुसून टाकणं. पुसण्यात मजा आहे, हात थांबत नाही, आणि तासाभरानं चेहरा पीठ लावल्यासारखा पांढराफटक होतो. अगदी पांढरा कॅनव्हास फक्त दोन-तीन ठिकाणी दिसला पाहिजे, कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, कदाचित खालचा ओठ. शंका आली तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून लहान करून बघा. बोटाच्या नखाएवढ्या फोटोतही डोक्याचा आकार गोल वाटत असेल तर छटा बरोबर आहेत.

तिसरी अडचण वेळेची. अंबर बसू लागला की तो चिंधीला खेचतो, पुसल्यावर कडेला वळ उमटतात. हे जाणवलं की हात थांबवा. थिनर ओतून जबरदस्ती केली तर आजूबाजूचा रंगही सैल होतो आणि मधोमध टक्कल पडतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये ही वेळ लवकर येते, मुंबईच्या जुलैमध्ये उशिरा. दमट हवेत थर वाळायला जास्त दिवस लागतात, तेवढंच लक्षात ठेवा.

यावर रंग कधी आणि कसा चढवायचा

हाताला कोरडं लागणं पुरेसं नाही. थिनरमध्ये किंचित ओलवलेली काडी एका कोपऱ्यात हलकेच फिरवा. तपकिरी उठलं तर अजून थांबा. साधारण आठवडा हाताशी ठेवावा, पावसाळ्यात जास्त.

वरच्या थरांचा जुना नियम आहे, खाली कमी तेल आणि वर जास्त. दुधावर साय धरते आणि खालचं दूध हललं की ती सुरकुतते, तसंच हे. वरचा थर आधी घट्ट झाला आणि खालचा अजून हलत असला तर वरचा फाटतो. वाइप-आउटचा थर पातळ, कमी तेलाचा आणि लवकर वाळणारा असल्यानं तो पाया म्हणून योग्य बसतो. फक्त पहिल्याच दिवशी त्यात भरपूर तेल ओतलेलं नसावं.

मग दोन कामं होतात. सावल्यांवर पारदर्शक रंगाचा तेलकट पातळ थर, म्हणजे ग्लेझ, द्यायचा. खालची तपकिरी छटा त्यातून दिसत राहते. उजेडावर मात्र अपारदर्शक रंग लागतो, कारण त्वचेचा उबदार उजेड नुसत्या कॅनव्हासच्या पांढऱ्यातून येत नाही.

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची गडबड इथेच होते. त्यांची मिश्रणं गोऱ्या, गुलाबी त्वचेसाठी असतात, पांढरा भरपूर. सावळ्या चेहऱ्यावर तेवढा पांढरा घातला की राख फासल्यासारखं दिसतं. आपल्या वर्णाला यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि थोडा इंडियन रेड यांनी उजेड बांधा, पांढरा शेवटी आणि बेतानं, फक्त कपाळ आणि नाकाच्या शेंड्यासाठी. मधल्या छटांना तर हातच लावू नका. पुसून उरलेला अंबर सावळ्या त्वचेची मधली छटा म्हणून जसाच्या तसा शोभतो. गोरा चेहरा रंगवणाऱ्याला ही फुकटची मदत मिळत नाही.

जाड-पातळ थरांचा हा खेळ छापील चित्रात दिसत नाही, मूळ चित्रासमोर उभं राहावं लागतं.  मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे गोव्याचे आंतोनियु झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हणत. पणजीच्या फुंदासांव ओरिएंते या संस्थेच्या संग्रहात त्यांची व्यक्तिचित्रं आहेत. अशा चित्रासमोर सरळ उभं राहून झालं की एका बाजूला सरका आणि उजेड पृष्ठभागावर तिरका पडेल असं बघा. कुठे रंग चढवलाय आणि कुठे नुसता कापडावर ओसरलाय, ते तेव्हा कळतं.

'पण ही चित्रं काळी पडतात म्हणे'

पडतात, आणि आक्षेप रास्त आहे. त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण म्हणजे चुकीचा तपकिरी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बिटुमेन, म्हणजे डांबराच्या जातीचा रंग, चित्रकारांना फार आवडे. पुसायला तो अंबरपेक्षा सुंदर, पारदर्शक, उबदार. पण तो कधी पुरता वाळत नाही. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात फ्रेंच चित्रकार जेरिकोचं 'मेड्युसाचा तराफा' हे १८१९ सालचं भव्य चित्र आहे, बिटुमेनमुळे त्याचे गडद भाग काळेठिक्कर पडले आणि आक्रसले. इंग्लंडचा जोशुआ रेनल्ड्सही या रंगाच्या नादात फसला, त्याची कित्येक व्यक्तिचित्रं तडकली. म्हणून ट्यूबवरचं नाव वाचून घ्या. अंबर आणि सिएना या माती निर्धास्त. 'व्हॅन डाइक ब्राउन' नावानं जो अस्सल जुना रंग येतो तो कोळशाच्या जातीचा, नीट न वाळणारा आणि विटणारा, तो टाळा.

दुसरं कारण टळत नाही, सांभाळून घ्यावं लागतं. तैलरंग जुना होत जातो तसा थोडा पारदर्शक होतो आणि खालचा गडद थर वर डोकावू लागतो. म्हणूनच वाइप-आउटमध्ये उजेडाच्या जागा स्वच्छ पुसलेल्या हव्यात. मळकट कपाळावर वरून गोरा रंग चढवून आज वेळ मारून नेता येते, पन्नास वर्षांनी तो मळ वर दिसेल.

'हे तर सोपं झालं', 'फोटोवरून चालेल?', 'ॲक्रिलिकमध्ये?'

सोपं होतं ते रेखाटन टळल्यामुळे, असं वाटतं खरं. पण ज्याला रेखाटन येत नाही त्याचा पुसलेला चेहराही वाकडाच येतो. फरक इतकाच, की वाकडेपणा लवकर दिसतो आणि दुरुस्त करता येतो. फोटो कॅनव्हासवर पाडून गिरवायला प्रोजेक्टर वापरणारे वापरतात, पण तपकिरी फासलेल्या ओल्या कॅनव्हासवर प्रोजेक्टरचं चित्र धड दिसतही नाही.

फोटो चालेल, फ्लॅशचा मात्र नको. समोरून मारलेला फ्लॅश नाकाची सावलीच खाऊन टाकतो. ॲक्रिलिक काही मिनिटांत वाळतो, तेव्हा तो विषय सोडा. पाण्यात मिसळणारे तैलरंग मिळतात, त्यात ही पद्धत जमते आणि वासही टळतो.

आणि काहीच खर्च न करता बघायचं असेल तर कोळसा घ्या. कार्ट्रिज कागदावर चारकोलची कांडी आडवी घासून बोटानं सगळं करडं करा आणि उजेड रबरानं उचला. खोडरबर आलं नव्हतं तेव्हा चित्रकार यासाठी पावाचा मऊ भाग मळून वापरत. कालचा पाव ताज्यापेक्षा बरा, ताजा कागदाला चिकटतो. लादीपाव चालेल, त्याला तूप-लोणी लागलेलं नसलं म्हणजे झालं.

चिंध्यांचं काय करायचं

जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. कॅनव्हासवर ती हवेत निघून जाते. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकला तर ती आतच कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता चिंध्या पेट घेऊ शकतात. वाइप-आउटमध्ये एका बैठकीत डझनभर चिंध्या भिजतात, त्यामुळे हा धोका इथे नेहमीच्या रंगकामापेक्षा जास्त. काम संपलं की त्या एकेक सुट्या करून बाहेर कठड्यावर वाळत घाला, एकावर एक नको, उन्हात गठ्ठा तर नकोच. ते जमत नसेल तर पत्र्याच्या डब्यात, पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात ठेवून झाकण लावा. उरलेला थिनर बेसिनमध्ये ओतू नका. बाटलीत झाकून ठेवला तर दोन दिवसांत तपकिरी गाळ तळाशी बसतो आणि वरचा नितळ थिनर पुढच्या चेहऱ्याला वापरता येतो.